चष्मेवाल्याची लढाई

चष्मा लागलेल्या माणसाचे अर्धे आयुष्य चष्मा शोधण्यात जाते आणि उरलेले अर्धे तो पुसण्यात. शोधण्याच्या भागावर आमच्या विनोदी लेखकांनी भरपूर शाई खर्च केली आहे. पुसण्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीला वाचकांची सेवा पुसण्याच्या विषयावर करावी असे योजले आहे. विषय किरकोळ वाटेल. पण शेवटी तो डोळ्याच्या जिवावर कसा येतो, ते वाचकांनी धीर धरून पाहावे.

आता मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर शब्दापासून सुरुवात करणे आलेच. 'चष्मा' हा शब्द फारसीतून आला. तिकडे 'चश्म' म्हणजे डोळा. म्हणजे आपण नाकावर चढवतो तो नुसता दागिना नव्हे, जादा डोळाच! आपल्या भाषेने तर वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणून वयाचा दाखलाच त्याच्या काड्यांना बांधून टाकला. माझ्यापाशी आज दोन्ही आहेत, वयाचीही आणि काचेचीही. पण लांबचे न दिसण्याचा चष्मा शाळेतच लागला होता. त्यामुळे 'चष्मा काढून ये, मग खेळायला घेतो' हे वाक्य माझ्या पिढीतल्या प्रत्येक चष्मेवाल्याप्रमाणे मीही पाठ केलेले आहे. चष्मा काढला तर हुतूतूत समोरचा गडी कोण ते दिसत नसे. ठेवला तर घरी जाऊन तुटल्या काडीचा जबाब द्यावा लागे. शेवटी आम्हां लोकांच्या वाट्याला गुण लिहिण्याचे काम येई. पुढे मोठेपणी आम्ही मास्तर झालो आणि गुण लिहीतच राहिलो, यात आश्चर्य ते काय?

तसे पाहिले तर चष्मेवाल्यांनी मैदाने गाजवली नाहीत असे नाही. वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइड जाड भिंगांतून पाहूनच जगभरच्या गोलंदाजांना झोडपत होता. आमच्या अंशुमान गायकवाडांनी १९८३ साली जालंदरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे खेळपट्टीवर ठाण मांडून २०१ धावा काढल्या, त्याही चष्म्यातून. हॉलंडचा फुटबॉलपटू एडगर डाव्हिड्स काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर गॉगल बांधून खेळला, आणि तो गॉगल त्याच्या नावाइतकाच प्रसिद्ध झाला. पण क्रिकेटच्या मैदानावर वारा असतो, आणि चष्मा पुसायचा झाला तर दोन चेंडूंच्या मधे रुमाल काढता येतो. ज्या खेळात चष्म्यावर आणखी एक बंद मुखवटा चढवावा लागतो आणि तो क्षणभरही काढायची सोय नसते, तिथे चष्मेवाल्याने काय करावे?

असा एक खेळ आमच्या घरात गेल्या दिवाळीत अवतरला. माझा भाचा पुण्याला एका कंपनीत नोकरीला आहे. कंपनीने सगळ्या मंडळींना सहलीला नेऊन 'पेंटबॉल' खेळवायचे ठरवले होते. भाच्याचा नंबर उणे साडेपाच. चष्मा काढला तर समोर मामा आहे की कपाट, हे त्याला आवाजावरून ठरवावे लागते. तो एक काळा मुखवटा आणि रंगाच्या गोळ्यांची पुडी घेऊन चिमूरला आला. मुखवटा घालून ओट्यावर उभा राहिला तेव्हा माझी आई म्हणाली, "अरे, सणासुदीचं तोंडाला हे काय बांधलंस?"

"आजी, खेळ आहे हा. बंदुकीतून रंगाची गोळी मारायची. लागली की फुटते, रंग उडतो. ज्याला रंग लागला तो बाद."

"बंदुकीचा खेळ!" एवढेच म्हणून आई आत गेली. तिने बेचाळीसचा गोळीबार पाहिलेला नाही, पण घरोघर ऐकलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ज्या गावच्या पोरांनी त्या दिवशी खऱ्या गोळ्यांपुढे छाती केली आणि बालाजी रायपूरकरांसारखा कोवळा मुलगा ज्या गावाने गमावला, त्या गावच्या बाईला बंदुकीत करमणूक दिसू नये हे ओघानेच आले. भाचा मात्र मला म्हणाला, "मामा, ही बंदूक मुळात तुमच्या जंगलखात्याची आहे, ठाऊक आहे का?"

आणि ते खरेच आहे. आमच्याकडे तोडायच्या झाडाची साल कुऱ्हाडीने तासून त्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा मारण्याची रीत जुनी. अमेरिकेत हेच काम रंगाने करीत. पण ओढ्यापलीकडच्या, काट्यांत उभ्या असलेल्या झाडापर्यंत दर वेळी कोण जाणार? म्हणून मिशिगन राज्यातल्या नेल्सन नावाच्या रंगाच्या कारखान्याने दुरूनच झाडावर रंगाची खूण करणारे पिस्तूल निघावे अशी खटपट केली, आणि १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत तशी पिस्तुले तयार झाली. गुराख्यांनी त्याच पिस्तुलाने कळपातली गुरे निशाणीला लावली. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी ती पिस्तुले हाती घेऊन एकमेकांची शिकार करण्याचा डाव मांडला. वादाचा मुद्दा असा होता, की रानात टिकाव कोणाचा लागतो, शहरी चतुराईचा की रानातल्या सवयीचा? त्या दिवशी जिंकला तो रिची व्हाइट नावाचा, जंगलातच पोट भरणारा माणूस. तोही एकदाही चाप न ओढता! तो गुपचूप झाडांआडून गेला आणि सगळी निशाणे गोळा करून आला. चिमूर-ताडोबाच्या रानात उभे आयुष्य काढलेल्या आमच्या एका निवृत्त वनमजुराला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा तो नुसता हसला. म्हणाला, "सर, जंगलात जो आधी पाहते तोच जिंकते जी. बंदुकीचं काय घेऊन बसले?"

'जो आधी पाहतो तो जिंकतो.' चष्मेवाल्याचे सगळे दुखणे या एका वाक्यात आले.

खेळातली गोळी जिलेटिनच्या पातळ कवचाची, आत पाण्यात विरघळणारा रंग. जाडी सुमारे १७ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या बोराएवढी. पण सुटते ती सेकंदाला ३०० फुटांच्या घरात. बहुतेक मैदानांवर हीच कमाल मर्यादा धरतात. तासाला सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक झाले हे! अंगावर लागली तर काळानिळा वळ उठतो आणि चार दिवसांत जातो. डोळ्याची गोष्ट वेगळी. निसर्गाने डोळा हाडांच्या खोबणीत बसवला आहे. त्या खोबणीचे तोंड जेमतेम चार सेंटिमीटर. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून मोठा, म्हणून त्याचा बराचसा मार भोवतालची हाडे आपल्यावर घेतात. ही बोराएवढी गोळी मात्र हाडांच्या मधून सरळ बुबुळावर जाते. मग आत रक्त साकळते, नेत्रमणी गढूळ होतो, कधी आतला पडदा सुटतो. गेलेली दृष्टी दर वेळी परत येतेच असे नाही.

म्हणूनच या खेळात मुखवट्यावाचून मैदानात पाऊल ठेवता येत नाही. मुखवट्याची समोरची काच म्हणजे काच नव्हेच. पॉलिकार्बोनेट नावाचा कणखर पारदर्शक पदार्थ. १९५३ च्या सुमारास जर्मनीत आणि अमेरिकेत तो जवळजवळ एकाच वेळी हाती लागला. अमेरिकेत या मुखवट्यांसाठी एएसटीएम एफ १७७६ असे खास मानक आहे. मुखवटा विकत घ्या नाहीतर भाड्याने, त्यावर ही खूण आहे का ते पाहावे. साध्या चष्म्याच्या भरवशावर कोणी उभे राहू नये. चष्मा पाहण्यासाठी असतो, मार झेलण्यासाठी नव्हे. फुटला तर त्याचेच तुकडे डोळ्यात जायचे.

इथवर सारे सरळ आहे. मुखवटा घातला, डोळे वाचले. पण नेत्रवैद्यांकडे या खेळातले जे रुग्ण येतात, त्यांच्यात गोळी लागली तेव्हा डोळ्यांवर मुखवटा नव्हता अशांचाच भरणा असतो. कोणी घातलेलाच नसतो, आणि कोणी ऐन खेळात वर केलेला असतो. वर का केला? बहुधा पुसायला. आत वाफ धरली, काही दिसेना, म्हणून अर्ध्या मिनिटासाठी मुखवटा उचलला आणि घात झाला. वाचकहो, वाफेने आजवर कोणाचा डोळा फोडलेला नाही. ती फक्त आपल्याच हातून ढाल खाली ठेववते. आणि चष्मेवाल्याच्या बाबतीत वाफ धरायला काचा दोन असतात, एक मुखवट्याची आणि एक चष्म्याची. म्हणजे मोह दुप्पट.

ही वाफ येते कुठून? आपला उच्छ्वास ऊबदार आणि ओलसर असतो, त्यात घामाची भर. गार काचेला ती हवा लागली की तिच्यातली ओल काचेवर उतरते. पहाटे गवतावर दव पडते तोच प्रकार. डिसेंबरात कोलाऱ्याच्या फाटकातून सकाळी उघड्या जिप्सीतून वाघ पाहायला निघालेले पाहुणे तोंडावर मफलर गुंडाळून बसतात. त्यांतले चष्मेवाले तेवढे सारखे काचा पुसताना दिसतात. मफलरमुळे श्वास वर वळतो आणि थेट काचेवर जातो, दुसरे काही नाही. करोनाच्या साथीत मुखपट्ट्या आल्या तेव्हा हा अनुभव साऱ्या देशाने घेतला.

पण गंमत अशी, की पाण्यामुळे दिसत नाही हे अर्धेच खरे. काचेवर पाण्याचा सपाट पापुद्रा असेल तर त्यातून छान दिसते. आंधळे करतात ते सुटे सुटे फुगीर थेंब. प्रत्येक थेंब प्रकाश वेडावाकडा वळवतो, आणि हजारो थेंब मिळून धुके होते. तेव्हा इलाज थेंब अडवण्याचा नसून त्याला पसरवण्याचा आहे. साबण तेच करतो. तो पाण्याचा ताण कमी करतो, मग थेंब फुगून बसत नाही, आडवा पडतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही याचा घरगुती प्रयोग केला. मोरीत बंब तापलेला, वाफ कोंडलेली. भाच्याच्या जुन्या चष्म्याच्या डाव्या काचेवर साध्या साबणाचे पाणी चोळले, झटकले आणि वाळू दिले. उजवी तशीच ठेवली. चष्मा मोरीत नेताच उजवी काच पांढरी फटक. डावीतून बंबाची तोटीसुद्धा स्पष्ट दिसत होती. "मामी, हे बघा!" म्हणून भाचा ओरडला. सौभाग्यवती म्हणाल्या, "बघते, पण आधी अंघोळी उरका. चकल्या व्हायच्यात अजून." विज्ञानाची कदर आमच्या घरी एवढीच!

ही युक्ती काही आमच्या मोरीतली नव्हे. तोंडावर पट्टी बांधून तासन्तास काम करणाऱ्या शल्यवैद्यांसाठी २०११ साली इंग्लंडातल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने हाच उपाय छापला होता. अंतराळवीरांनाही तो शिकावा लागला. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ यानातून बाहेर पडलेला यूजीन सर्नन श्रमाने इतका तापला, की शिरस्त्राणाची काच आतून धुकटून गेली. अंतराळात शिरस्त्राण काढून पुसायची सोय कुठली! बिचाऱ्याने नाकाने घासून काचेला भोक पाडल्यागत जागा केली आणि तेवढ्यातून पाहत तो कसाबसा परतला. नियोजित काम अर्धेच राहिले. त्यानंतर काचेला आतून धुकेरोधक द्रव लावण्याची पद्धत पडली. पण २००१ च्या एप्रिलमध्ये क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराच्या डोळ्यात तोच द्रव गेला आणि भर अंतराळात त्याला काही काळ दिसेनासे झाले. तेव्हा साबण लावावा, पण उरलेला नीट काढून टाकावा. दंतमंजन, राख असले काही प्लास्टिकच्या भिंगांना लावू नये, ओरखडे पडतात.

आता राहिला मुख्य प्रश्न. मुखवट्याच्या आत चष्मा बसवायचा कसा? तीन वाटा आहेत. पहिली, आपला नेहमीचा चष्माच आत घालायचा. लहान चौकटीचा असेल तर जमते. पण दोन्ही काड्या कानाशी मुखवट्याचा स्पंज उचलून धरतात, फट राहते आणि धक्क्याने चष्मा नाकात रुततो. दुसरी, बुबुळावर बसवायची भिंगे, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स. त्यांवर वाफ धरत नाही हा मोठाच फायदा. ज्यांना त्यांची सवय आहे त्यांनी खुशाल वापरावी. मात्र धुळीत डोळा चुरचुरला म्हणून नळाच्या पाण्याने भिंग धुऊन पुन्हा घालण्याचा उद्योग करू नये. त्यातून डोळ्याला भयंकर संसर्ग होऊ शकतो.

तिसरी वाट भाच्याने निवडली होती. काड्या नसलेली एक लहान चौकट मिळते, ती मुखवट्याच्या आत चिमट्याने बसते. तिच्यात आपल्या नंबराची भिंगे घालून घ्यायची. कल्पना नवी नाही. विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे घालणाऱ्या सैनिकांना आणि धुरात शिरणाऱ्या अग्निशामकांना असेच आतले चष्मे देतात, कारण काडीने फट पडली तर तिथे जिवाशी गाठ. भाचा ती चौकट घेऊन आमच्या बाजारातल्या चष्मेवाल्याकडे गेला. त्या गृहस्थांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"भाऊ, याच्या काड्या कुठं पडल्या?"

"काका, याला काड्या नसतातच."

"मंग हे राहते कशावर?"

सगळा प्रकार समजल्यावर मात्र ते असे रंगले की विचारू नका. दोन बुबुळांमधले अंतर त्यांनी पट्टीने दोनदा मोजले. ते चुकले तर इतक्या लहान भिंगातून पाहताना डोके दुखू लागते. मग म्हणाले, "हे डोळ्यापासून किती लांब बसते ते पाहू द्या." हा खरा जाणकाराचा प्रश्न! नेहमीचा चष्मा डोळ्यापासून १२ ते १४ मिलिमीटरवर असतो. उणे नंबराचे भिंग त्याहून पुढे सरकले की त्याचा जोर कमी पडतो. चारच्या आतल्या नंबराला फारसे जाणवत नाही, पण साडेपाचाला जाणवते. तेव्हा नंबर ठरवणाऱ्या डॉक्टरांना हे अंतर सांगून नंबर जुळवून घ्यावा, असे त्यांनी बजावले. भिंगे पॉलिकार्बोनेटचीच हवीत, म्हणून ती नागपूरहून मागवली. त्यांनी चिठ्ठीवर लिहिले: 'बिनकाडीचा चष्मा, एक'. चिमूरच्या व्यापाराच्या इतिहासातली ही पहिलीच नोंद असावी.

असला चष्मा घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात धराव्यात. मुखवट्याची समोरची काच दुपदरी, मधे हवेचा थर असलेली घ्यावी. थर्मासप्रमाणे आतला पदर बाहेरच्या गारव्यापासून अलग राहतो आणि त्यावर दव उतरत नाही. ही काच पाण्यात बुडवू नये, दोन पदरांत पाणी शिरते. तिच्या आतल्या लेपावर साबण किंवा कापड घासू नये. साबणाची युक्ती आतल्या भिंगांपुरतीच. दुसरे, आतले भिंग समोरच्या काचेला टेकता कामा नये. हवा खेळायला वाट हवी. तिसरे, ही भिंगे लहान असतात, बाजूचे कमी दिसते. म्हणून डोळे न फिरवता मान फिरवण्याची सवय घरीच करावी. भाचा दोन दिवस घरभर घुबडासारखा मान वळवीत हिंडत होता.

एवढे सगळे करूनही वाफ धरलीच तर? तर हात वर करायचा, ओरडून सांगायचे आणि पंच नेईल त्या सुरक्षित जागी जाऊन मगच मुखवटा काढायचा. मैदानात असेपर्यंत, डाव संपल्यासारखा वाटला तरी, मुखवट्याला हात लावायचा नाही. खेळात हरण्याची भरपाई पुढल्या डावात होते. डोळ्याला पुढला डाव नाही.

भाच्याची सहल नीट पार पडली. तिसऱ्याच मिनिटाला बाद झालो, पण मारणारा कोण ते स्वच्छ दिसले, असे त्याने अभिमानाने कळवले.

माझे मन मात्र त्या खेळावरून आमच्या शिवारात आले. आमच्या तालुक्यात कापूस, सोयाबीन, धान. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अनेकांच्या डोळ्यांनाही त्रास झाला. त्यानंतर गावोगाव मास्क आणि गॉगल वापरण्याचा उपदेश झाला, काही ठिकाणी ते वाटलेही गेले. तरी सप्टेंबरच्या उकाड्यात फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या गड्याचा गॉगल कपाळावर चढवलेला दिसतो. आपण सुशिक्षित माणसे म्हणतो, 'या लोकांना किती सांगा, ऐकतच नाहीत!' त्याने तो गॉगल का चढवला हे कोणी विचारत नाही. आत वाफ धरते, पुढचे तास दिसत नाही, म्हणून! धान कापताना, मळताना कुसळ डोळ्यात जाते, त्याची जखम चिघळते आणि बुबुळावर कायमचे फूल पडते. तिथेही गोष्ट तीच. गावातला वेल्डिंगवाला ठिणग्यांपुढे चष्मा बाजूला ठेवतो, तोही याच कारणाने.

पुण्याच्या पोराला वाफ धरली तर हात वर करून बाहेर पडता येते. पंच असतो, नियम असतो. रोजावर फवारणाऱ्याने हात वर केला तर त्याला बांधावर जाऊन काच पुसायला पाच मिनिटे देणारा मालक हवा. हवेला वाट असलेला गॉगल, साबणाची एक वडी, बादलीभर स्वच्छ पाणी आणि ती पाच मिनिटे, एवढाच हा खर्च आहे. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे शेती आहे. दिवाळीला आपण गावी जातो, गड्यामाणसांना फराळाचे ताट आणि नवे कापड देतो. यंदा त्या कापडावर एक चांगला गॉगल ठेवावा, आणि वाफ धरली तर काय करायचे तेही आपल्या हाताने साबण लावून दाखवावे. त्याला चष्म्याचा नंबर असेल, तर तोही एकदा तपासून द्यावा.